चार रेघांची वही : ख्रिस्ती उपासनागान व कोंकण-गोमंतकांतील त्याचे अवशेष

जुने कागद धुंडाळणाऱ्यांस आपल्या लाभाच्या हकीकती सांगण्याची हौस फार. हानीच्या हकीकती ते सहसा सांगत नाहींत. प्रस्तुत लेखाचा उगम एका हानींत आहे, आणि ती सर्वस्वीं आमच्याच अज्ञानानें झाली असल्यामुळें आरंभींच सांगून टाकलेली बरी.

कांहीं वर्षांपूर्वीं करवीरानजीक कसबा बावडा येथील एका रद्दीच्या दुकानांत आम्हांस मोडी कागदांचा एक रुमाल मिळाला. त्या रुमालासच बांधलेली एक जाड कागदाची वही होती. तिच्या पानांवर चार चार आडव्या रेघा ओढून त्यांवर काळ्या शाईचे चौकोनी ठिपके दिलेले असून खालीं रोमन लिपींत तुटक तुटक अक्षरें होतीं. शाळकरी मुलें इंग्रजी अक्षर वळविण्यास चाररेघी वही घेतात. तसलीच ही कोणा मुलाची जुनी वही, असा निकाल आम्हीं क्षणार्धांत दिला, मोडी कागद तोलून घेतले आणि वही तेथेंच ठेविली. पुढें एका ग्रंथालयांत युरोपांतील एका प्राचीन गायनपोथीचें छायाचित्र पाहतांना तेच चौकोनी ठिपके व त्याच चार रेघा दृष्टीस पडल्या. दुसऱ्याच दिवशीं दुकान गांठलें. पण वहीच्या पुड्या होऊन गेल्या होत्या. ती कोणाची, कोठून आली, हें विचारणें पहिल्या भेटींत आम्हांस सुचलें नाहीं, व दुसऱ्या भेटींत दुकानदारास कांहीं आठवेना.

पांच रेघांचें पाश्चात्य संगीतलेखन आतां बँडवाल्यांमुळें गांवोगांवीं परिचयाचें झालें आहे. चार रेघा व चौकोनी ठिपके हें मात्र एका विशिष्ट विद्येचें चिन्ह होय. रोमन पंथाच्या ख्रिस्ती मंदिरांत लॅटिन भाषेंत जें उपासनागान शतकानुशतकें चालत आलें, व जें 'ग्रेगरीय गान' या नांवानें ओळखलें जातें, तें या रीतीनें लिहितात. हें गान कागदावर केव्हां व कां उतरलें, आणि आपल्या किनाऱ्यावर येऊन तें आपल्या ओवीशीं कसें भिडलें, हा विषय मराठी पोथ्या जमविणारांच्या थेट उपयोगाचा आहे. आमच्या हातून झालेली चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होऊं नये, एवढाच हें सांगण्याचा हेतु नाहीं. आपल्या वाङ्मयांतील एका मोठ्या ग्रंथाचें अर्धें अंग या गानाच्या इतिहासावांचून कळत नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

ख्रिस्ती धर्माच्या आरंभींच्या शतकांत गाणें होतें, पण गाण्याचा कागद नव्हता. धाकटा प्लिनी हा बिथिनिया प्रांताचा सुभेदार असतां त्यानें इ. स. ११२ च्या सुमारास सम्राट् ट्राजान यास एक पत्र लिहून या नव्या पंथाच्या लोकांचें काय करावें, अशी आज्ञा मागितली. त्यांत हे लोक ठराविक दिवशीं पहांटेपूर्वीं जमतात व ख्रिस्तास देव मानून आळीपाळीनें स्तवन म्हणतात, एवढी बातमी आली आहे. बातमी विरुद्ध पक्षाकडील, म्हणूनच अधिक विश्वसनीय. या मंडळींनीं यहुद्यांकडून दीडशें स्तोत्रांची संहिता घेतली व तिच्या भोंवतीं आपली उपासना बांधली; तिच्यावरच पुढील सर्व गानाची इमारत उभी आहे. परंतु या पहिल्या काळांतील चाली कशा होत्या, याचा लेखी पुरावा म्हणून जगांत मुख्यतः एकच तुकडा दाखवितां येतो. मिसर देशांत ऑक्सिरिंकस येथील उकिरड्यांतून निघालेल्या पपायरसांत एक तुकडा १९१८ सालीं सांपडला व १९२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावर तिसऱ्या शतकाच्या अखेरीचें एक ग्रीक ख्रिस्ती स्तवन असून अक्षरांवर ग्रीक पद्धतीचीं स्वरचिन्हें आहेत. हें स्तवन कोऱ्या कागदावर लिहिलेलें नाहीं. धान्याचा हिशेब लिहून झाल्यावर त्याच कागदाच्या पाठीवर तें उतरविलें आहे. जमाखर्चाचे कागद पुढच्याच बाजूनें वाचून ठेवून देणाऱ्या आमच्यासारख्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

चौथ्या शतकांत रोमन बादशाहीनें हा धर्म आपला म्हटल्यावर घरांतील गाणें मोठाल्या मंदिरांत आलें. त्या काळचें सर्वांत बोलकें वर्णन एका यात्रेकरू स्त्रीचें आहे. एगेरिया नामक ही बाई इ. स. ३८१ ते ३८४ या दरम्यान यरुशलेमेस गेली व तेथें पहांटेपासून रात्रीपर्यंत कोणत्या वेळीं काय म्हणतात, हें तिनें आपल्या मैत्रिणींस लिहून कळविलें. प्रत्येक स्थळास व प्रत्येक दिवसास साजेसें स्तोत्र निवडलेलें असतें, याचें तिला विशेष कौतुक वाटलें. तिनें टिपलेली आणखी एक गोष्ट आमच्या विषयास फार जवळची आहे. तेथील बिशप ग्रीक भाषेंतच बोले. परंतु श्रोत्यांत सुर्यानी बोलणारे पुष्कळ असल्यामुळें एक धर्मगुरु शेजारीं उभा राहून त्यांस तें सुर्यानींत समजावून सांगे, आणि लॅटिन जाणणारांस दुभाषे बंधुभगिनी अर्थ सांगत. उपासनेची भाषा एक व लोकांची भाषा दुसरी, हा पेंच इतका जुना आहे. एगेरियेच्या या पत्रांची अकराव्या शतकांतील एक अपुरी नक्कल १८८४ सालीं इटलींत आरेत्सो येथें सांपडली, व तोंवर या बाईचें अस्तित्वही विद्वानांस फारसें ठाऊक नव्हतें.

तिच्या पाठोपाठ इ. स. ३८६ मध्यें मिलान शहरीं एक प्रसंग घडला. राजमातेनें मंदिर मागितलें. बिशप आंब्रोज तें देईना. लोक मंदिरांत कोंडून घेऊन रात्रंदिवस बसले. त्यांचा धीर खचूं नये म्हणून पूर्वेकडील रिवाजाप्रमाणें स्तोत्रें व स्तवनें गाण्याचा परिपाठ तेथें सुरू झाला, असें ऑगस्टीननें लिहून ठेविलें आहे. आपल्या भाषेंत यास जागर म्हणतात. याच ऑगस्टीनास पुढें अशी रुखरुख लागली कीं, आपणांस शब्दांपेक्षां सुराचीच गोडी अधिक लागते कीं काय, व तसें असल्यास तें पाप तर नव्हे. कीर्तनांत रंगलेल्या आमच्या कित्येक सत्पुरुषांसही ही शंका आलीच असेल.

एवढें सर्व होऊनही चाली लिहिल्या जात नव्हत्या. ग्रीकांची स्वरलेखनाची जुनी विद्या पश्चिमेंत लोपली होती. सेव्हिलचा बिशप इसिडोर (मृत्यु इ. स. ६३६) यानें तर स्पष्टच म्हटलें आहे कीं, स्वर मनुष्याच्या स्मरणांत राहिले तरच राहतात, कारण ते लिहितां येत नाहींत. हें विधान त्यानें खेदानें केलेलें नाहीं. अग्नि तापवितो अशा थाटाचें तें विधान आहे.

पोप पहिला ग्रेगरी (इ. स. ५९० ते ६०४) यास पवित्र आत्म्यानें कबुतराच्या रूपानें कानांत चाली सांगितल्या व त्यानें त्या लेखकाकडून उतरवून घेतल्या, अशी कथा प्रसिद्ध असून तिचीं चित्रेंही पुष्कळ आहेत. कथा रम्य आहे. पण ती लिहिली गेली ग्रेगरीनंतर पावणेतीनशें वर्षांनीं. आतां विद्वानांचा कल असा आहे कीं, ज्यास ग्रेगरीय म्हणतात तें गान रोममधील परंपरा फ्रँक लोकांच्या मुलखांत नेली जात असतां तेथें घडलें. इ. स. ७५४ मध्यें पोप दुसरा स्टीफन यानें फ्रँकांचा राजा पेपिन यास अभिषेक केला, तेव्हांपासून रोमन गान हें राज्याच्या एकीचें साधन झालें. पेपिनाचा पुत्र शार्लमेन यानें इ. स. ७८९ च्या आज्ञापत्रांत धर्मगुरूंनीं तेंच शिकावें असा हुकूम काढला. म्हणजे कबुतराच्या मागें राजदंड होता.

हुकमानें गाणें येत नाहीं, ही गोष्ट मात्र लवकरच प्रत्ययास आली. रोमकडचा चरित्रकार जॉन म्हणतो कीं, आल्प्सपलीकडच्या रानवट गळ्यांस हें नाजूक गान पेलेचना. उलट सेंट गालच्या मठांतील नोटकर लिहितो कीं, रोमहून पाठविलेल्या बारा गायकांनींच मत्सरानें ठिकठिकाणीं मुद्दाम वेगवेगळें व चुकीचें शिकविलें. ज्या करवीरांत अल्लादिया खांसाहेबांसारखे गवई राजाश्रयास होते, तेथील वृद्ध रसिकांच्या बैठकींत बसलेल्यास ही भाषा अपरिचित वाटणार नाहीं. घराण्याची चीज दुसऱ्यास द्यावयाची तर ती पुरी द्यावयाची नाहीं, आणि घेणाऱ्याचा गळा वाईट म्हणून सांगावयाचें, हा प्रकार कोणा एका देशाचा नव्हे.

या भांडणांतूनच लेखनाची गरज उत्पन्न झाली. नवव्या शतकांत स्तोत्राच्या अक्षरांवर बारीक वळणदार खुणा दिसूं लागतात. त्यांस न्यूम म्हणतात. खूण अशाच अर्थाच्या ग्रीक शब्दापासून तें नांव आलें, असें पुष्कळ जण मानतात. सूर चढतो कीं उतरतो, एक आहे कीं दोन, कोठें रेंगाळावें, हें त्या सांगतात. पण नेमका कोणता सूर, हें सांगत नाहींत. ज्यास चाल मुखोद्गत आहे त्यासच त्यांचा उपयोग. सेंट गाल येथील ३५९ क्रमांकाची दहाव्या शतकाच्या आरंभींची गायनपोथी अशाच खुणांनीं भरलेली आहे. सामवेदाच्या गानग्रंथांत अक्षरांवर घातलेले अंक व पठणाच्या वेळीं होणारी हाताची हालचाल ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस या पोथीचा स्वभाव चटकन् उमगेल. तेथेंही लेखन हें गुरूच्या जागीं नाहीं. गुरूनें दिलेलें विसरूं नये म्हणून बांधलेली ती गांठ आहे.

गांठीचें कुलूप झालें तें आरेत्सोच्या ग्विदोकडून. हा मठवासी साधु अकराव्या शतकाच्या पूर्वार्धांत होऊन गेला. त्यानें ओळीवर खुणा तरंगत न ठेवतां रेघा ओढल्या, एका सुराची रेघ तांबडी व एकाची पिवळी केली, आणि रेघेवर व दोन रेघांमध्यें अशी प्रत्येक सुरास कायमची जागा दिली. दहा वर्षें घोकूनही जें पुरतें येत नसे, तें आपण एक-दोन वर्षांत शिकवितों, अशी त्याची प्रतिज्ञा होती. पोप एकोणिसावा जॉन यानें त्यास बोलावून त्याची पोथी पाहिली व कधीं न ऐकलेला एक चरण तेथल्या तेथें स्वतः गाऊन पाहिला. कधीं न ऐकलेलें गाणें नुसत्या कागदावरून गातां येणें, हा मनुष्यजातीच्या इतिहासांतील लहान प्रसंग नव्हे. तांबडा व पिवळा रंग कालांतरानें गेला, खुणांचे चौकोनी ठिपके झाले, आणि बावड्याच्या दुकानांतील वही याच कुळांतली होती.

आमच्या देशांत असा प्रयत्न झालाच नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. दक्षिणेंत कुडुमियामलै येथें सातव्या शतकाच्या सुमाराचा स्वरांचा शिलालेख आहे. आणि देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत रचलेल्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथांत सा-रि-ग अक्षरांनीं स्वरलेखन केलेलें आहे. शार्ङ्गदेव हा राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी होता, हेंही येथें नमूद करण्यास हरकत नाहीं. भेद आहे तो इतकाच कीं, आमच्या गायकांनीं तें लेखन ग्रंथांत राहूं दिलें व विद्या गळ्यांत ठेविली.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. सहाव्या शतकांतील कॉस्मस नामक प्रवासी व्यापारी 'कल्लियाना' येथें इराणांतून नेमून आलेला बिशप असल्याचें सांगतो. हें स्थळ म्हणजे ठाण्याजवळील कल्याण, असें मत पुष्कळांचें आहे. कांहीं जण उडुपीजवळचें कल्याणपूर सुचवितात. कल्याण खरें धरल्यास मराठी मुलखांत प्रथम उमटलेलें ख्रिस्ती उपासनागान लॅटिन नव्हे, तर सुर्यानी होतें. इ. स. १३२१ चा पुरावा याहून पक्का आहे. त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत ठाणें येथें तोलेंतिनोचा थॉमस व त्याचे तीन सोबती, असे चौघे फ्रान्सिस्कन पंथीय मारले गेले. ते उतरले होते नेस्तोरीय ख्रिस्त्यांच्या घरीं. अशीं पंधरा घरें तेथें होतीं, असें मागाहून आलेला ओदोरिक लिहितो. चौघांचीं प्रेतें जोर्दानूस नामक त्यांच्या सोबत्यानें सोपाऱ्यास पुरलीं. तेव्हां ठाण्याच्या खाडीकांठीं एकाच छपराखालीं यजमान सुर्यानींत व पाहुणे लॅटिनमध्यें तींच दीडशें स्तोत्रें म्हणत असले पाहिजेत. त्यांतील एकही सूर राहिला नाहीं, एकही पान राहिलें नाहीं.

पोर्तुगीजांनीं गोवा १५१० सालीं घेतला. बारदेशांत फ्रान्सिस्कन व सासष्टींत जेझुइट अशी पुढें धर्मप्रसाराची वांटणी झाली. या प्रसाराबरोबर देवळें पाडलीं गेलीं व पोथ्या जप्त झाल्या, ही गोष्ट या नियतकालिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. ती विसरूनही चालणार नाहीं, कारण पुढील सर्व हकीकत त्या राखेवर उभी आहे. गांवोगांवच्या चर्चांस जोडून शाळा निघाल्या. त्यांत मुलांस प्रार्थना व त्याबरोबर गाणें, स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. शिकविणारा तो 'मेस्त'. या शाळांतून गोमंतकीय मुलगे इतके तयार झाले कीं, १६६३ च्या सुमारास गोव्यास आलेला इटालियन कार्मेलीय साधु ज्युसेप्पे सेबास्तियानी, रोमच्या कारिस्सिमीची म्हणून सांगितलेली सात गायकवृंदांची रचना तेथें ऐकून, स्थानिक गायकांच्या तयारीनें थक्क झाला.

आणि याच सासष्टींत थॉमस स्टीफन्स बसला होता. हा इंग्रज, जन्म १५४९, रोम येथें १५७५ सालीं जेझुइट संघांत शिरला व ऑक्टोबर १५७९ मध्यें गोव्यास उतरला. १६१९ सालीं मरेपर्यंत तो येथेंच होता. त्याचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. दोन भाग, पंच्याण्णव अवस्वरू, अकरा हजारांच्या घरांत ओव्या. १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापलें गेलें, परंतु या तिन्ही छपाईंतील एकही प्रत आजवर उपलब्ध झालेली नाहीं.

या ग्रंथाच्या भाषेविषयीं व तत्त्वज्ञानाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; आम्हांस प्रश्न पडतो तो निराळाच. हें पुराण म्हणत कसें? मिस्सेनंतर मंदिरांत व एरवीं घरोघर तें वाचीत, अशी परंपरा आहे. चर्चच्या माडीवर ज्या मुलांनीं नुकतेंच लॅटिन स्तोत्र म्हटलें, त्यांच्याच आईबापांपुढें ही ओवी उघडली जाई. ती कोणत्या चालीवर?

कांहींचें म्हणणें असें असूं शकेल कीं, पाद्री तो पाद्री. त्यानें आपली लॅटिन चालच ओवीवर चढविली असेल. आम्हांस तें पटत नाहीं. पण उलट टोंकाचें मत, म्हणजे दोन्ही गानांचा परस्परांशीं कांहींच संबंध नव्हता, तेंही पटत नाहीं. लॅटिन स्तोत्र म्हणण्याची रीत अशी आहे : आरंभीं दोन-तीन सुरांची चढण, मग एकच सूर धरून त्यावर हवीं तितकीं अक्षरें, मध्यें किंचित् वळण व विराम, पुन्हां तोच धरलेला सूर, आणि शेवटीं उतरण. अक्षरें आठ असोत वा अठ्ठावीस असोत, चाल मोडत नाहीं. आतां पोथी सांगणारा ग्रंथी ओवी कशी म्हणतो तें आठवावें. ओवीच्या चरणांत अक्षरसंख्येचें बंधन नाहीं. पुराणिक एक सूर धरून चरण ओढून नेतो, यमकावर वळण घेतो, आणि चौथा आंखूड चरण खालीं टेकवितो. दोन्हींत तालाचें बंधन नाहीं, दोन्हींत शब्द मालक व सूर चाकर आहे, दोन्ही हजारों चरण न थकतां म्हणण्यासाठीं घडलेल्या आहेत. स्टीफन्सला श्लोकबंध ठाऊक नसतील असें नाहीं. त्यानें ओवी निवडली. आपली बुद्धि सांगते ती अशी कीं, रोमच्या मंदिरांत स्तोत्रपठण ऐकून आलेल्या मनुष्याच्या कानास ओवी ही परकी वाटलीच नाहीं. चाल इथलीच राहिली. ओळख मात्र तिकडून पटली.

ओवीची चाल इथलीच होती यास एक बळकट आधार आहे, व तो ती बंद करणारांनींच पुरविला आहे. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें लोकांनीं देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलूं लागावें असें फर्मान काढलें. १६७४ नंतर गोव्यांत छपाईच थांबली होती. ती १८२१ सालीं पुन्हां सुरू झाली. १७३६ च्या एप्रिलांत धर्मपरीक्षण न्यायासनानें जो प्रसिद्ध जाहीरनामा काढला, त्यांत लग्नकार्यांतील देशी रिवाजांबरोबर ओव्या गाण्यासही मनाई आहे. पोर्तुगीज लेखक त्यांस 'व्होव्यो' म्हणत. ओवी लॅटिन सुरांत बुडून गेली असती तर तिच्यांत हिंदु वास कोणास आला असता? सव्वाशें वर्षांपूर्वीं ज्या छंदांत धर्मोपदेश छापला, त्याच छंदास पुढच्यांनीं संशयित ठरविलें.

येथें तिघांच्या कालाची एक जुळणी सांगितल्यावांचून राहवत नाहीं. रोम येथें ट्रेंटच्या धर्मसभेनंतर १५७० सालीं मिस्सेची शुद्ध संहिता निघाली व मध्ययुगांत वाढलेलीं बहुतेक पुरवणी-स्तवनें गाळून चारच ठेविलीं गेलीं. पैठणास एकनाथांनीं शके १५०६, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आणि या दोहोंच्या मध्यें, १५७९ सालीं, स्टीफन्स गोव्यास आला. शुद्ध पाठाची तहान दोन्ही खंडांत एकाच पिढीस लागली होती. फरक पुढें पडला. नाथांनीं अक्षर शुद्ध केलें व गळ्यास हात लावला नाहीं. रोमांत मात्र सुरांवरही कात्री चालली. १६१४-१५ सालीं छापलेल्या गायनग्रंथांत जुन्या लांब ताना अक्षराचे उच्चार बिघडवितात म्हणून तोडल्या गेल्या. ख्रिस्तपुराण त्याच्या दुसऱ्या वर्षीं छापलें गेलें, हा निव्वळ योगायोग. पण लक्षांत राहण्याजोगा आहे.

तोडलेल्या ताना पुन्हां जोडण्याचें काम फ्रान्सांतील सोलेम मठाच्या साधूंनीं केलें, व त्यांची रीत प्रत्येक पोथीसंपादकानें अभ्यासावी अशी आहे. छापील ग्रंथास पोपच्या खास सनदेचें बळ होतें. साधूंजवळ हस्तलिखितें होतीं. १८८९ पासून त्यांनीं गायनपोथ्यांचीं छायाचित्रें छापण्यास आरंभ केला. मग एकच गीत घेऊन तें नवव्यापासून सतराव्या शतकापर्यंतच्या दोनशेंहून अधिक पोथ्यांत कसें लिहिलें आहे, तें पानामागून पान मांडून दाखविलें. वादविवाद न करतां नुसत्या प्रतींच्या साक्षीनें त्यांनीं सिद्ध केलें कीं, चाल सर्वत्र एक आहे व छापील ग्रंथच एकटा पडला आहे. १९०३ सालीं पोप दहावा पायस यानें त्यांचा पक्ष उचलून धरला आणि १९०८ सालीं नवा ग्रंथ निघाला. खुणा सूर सांगत नाहींत, रेघा सांगतात. पण खुणांत जी लय आहे ती रेघांत नाहीं. म्हणून दोन्ही प्रकारच्या पोथ्या शेजारीं ठेवून वाचाव्या लागल्या. दोनशें पोथ्या शिल्लक होत्या म्हणूनच हें घडूं शकलें.

ख्रिस्तपुराणाच्या बाबतींत शब्दांचें काम बरेंच झालें आहे. मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांत जपलेल्या रोमन लिपींतील नकलांवरून जोसेफ साल्दान्हा यांनीं १९०७ सालीं तेथें तें छापलें. लंडनमध्यें मार्सडेनच्या संग्रहांत देवनागरी प्रत निघाली; जस्टिन ॲबट यांनीं तीच मूळ लेखनाच्या जवळची, असा पक्ष मांडला. तींत लॅटिन-पोर्तुगीज धर्मशब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आहेत. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं पुण्यास निघाली, व कारिदाद द्राग्यू यांची १९९६ सालीं मुंबईस. पोर्तुगालांत ब्रागा येथें रोमन लिपींत उतरलेल्या रामायण-भारतकथांच्या पोथ्या आहेत, त्यांतील ७७३ क्रमांकाची मराठी ओवीबद्ध आहे. या सर्व खटपटीनें शब्द हातीं आले. छापील आवृत्त्यांत चाल नाहीं.

वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, पोर्तुगीज चर्चांतील घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा सर्वांस ठाऊक आहे. घंटेचें वजन, तिच्यावरील क्रूस, तिची हकीकत, सर्व टिपलें गेलें, कारण ती विजयाची खूण होती. त्याच चर्चांतून ज्या वह्यांवरून गात, त्यांची चौकशी मराठी बखरकारानें करावी अशी अपेक्षाच नाहीं. आम्हीं तरी कोठें केली?

करवीरापुरतें बोलावयाचें तर येथें ख्रिस्ती गाणें आलें तें निराळ्या वाटेनें. अमेरिकन मिशनचे रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ सालीं कोल्हापुरास आले. त्यांचा पंथ सुधारकांचा. त्यांत लॅटिन नाहीं, चार रेघा नाहींत. मराठी शब्द विलायती चालींवर बसविण्याची त्या पंथाची आरंभींची रीत कानास खटकणारी होती, हें त्यांच्यांतील मराठी मंडळींसच प्रथम जाणवलें. नारायण वामन टिळकांनीं (मृत्यु १९१९) अभंग, पदें व कीर्तन यांची वाट मोकळी केली, आणि 'उपासना संगीत' या संग्रहांत दोन्ही प्रकार आज शेजारीं शेजारीं नांदतात. रोमन पंथास तेथें पोंचावयास १९६३ ची व्हॅटिकन धर्मसभेची अनुज्ञा लागली. त्यानंतर मिस्सा मराठींत व कोंकणींत होऊं लागली, आणि लॅटिन गानाच्या वह्या माडीवरून अडगळींत गेल्या. एगेरियेनें पाहिलेला दुभाषा शेवटीं स्वतःच वेदीपाशीं उभा राहिला. परंतु अडगळीनंतरचा मुक्काम रद्दी हा असतो, आणि बावड्याची वही त्याच वाटेनें आली नसेल असें म्हणवत नाहीं.

यास्तव संग्राहकांस कांहीं खुणा सांगून ठेवतों. चार रेघा, त्यांवर चौकोनी वा तिरपे ठिपके, रेघेच्या आरंभीं इंग्रजी सी अक्षरासारखी खूण, खालीं तोडून लिहिलेले लॅटिन शब्द : ही वही घ्यावी. पांच रेघा व उपवासकाळांतील गीतें असतील तर ती गोमंतकीय मेस्तांनीं रचलेल्या 'मोटेट' गीतांची असण्याचा संभव, तीही घ्यावी. रोमन लिपींत मराठी वा कोंकणी ओव्या असून समासांत कोठें कांहीं वळणदार खुणा असतील, तर पान उलटण्यापूर्वीं छायाचित्र घ्यावें. आणि घरांत कोणी वृद्ध स्त्री वा पुरुष तशी ओवी म्हणत असेल, तर आधीं तें ध्वनिमुद्रित करावें, मग वहीची किंमत विचारावी. पोथी दहा वर्षांनींही मिळेल.

बावड्याच्या रुमालांतील मोडी कागदांची यादी आम्हीं पुरी केली आहे. कांहीं पत्रें आहेत, बाकी ऊंस, गूळ व बैलांच्या खरेदीचा हिशेब आहे. प्रत्येक कागदाची पाठ उन्हांत धरून पाहिली. सर्व कोऱ्या आहेत. वाचकांपैकीं कोणाजवळ चार रेघांची एखादी वही, अथवा ख्रिस्तपुराण म्हणणाऱ्या घराण्याची माहिती असेल, तर ती मंडळाकडे कळविण्याची कृपा करावी.